बोनेटखालचा संसार

गाडी सुरू झाली नाही की घरातला प्रत्येकजण आपापल्या स्वभावाप्रमाणे बोलतो. आमचे हे म्हणाले, "मी सांगतच होतो." माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या टायमाला माहेराला न्यायला बैलगाडी यायची. ती काय अशी दारात बंद पडली नाय कधी." मी बोनेट उघडलं.

आत बॅटरीच्या कडेला एक वायर सोलून ठेवली होती, उसाचं कांडं सोलावं तशी. खाली प्लास्टिकचा चुरा, इंजिनवर लेंड्या, आणि कोपऱ्यात कापूस, सुतळी आणि वर्तमानपत्राचे तुकडे यांचं मऊ अंथरूण. भाडं न देता राहणाऱ्यांनी घर मात्र झकास लावलं होतं.

मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करते. कुठल्या खणात कुठलं बेअरिंग आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. घरातही माझं तसंच असतं. फ्रिजवर यादी, कपाटाच्या दारावर यादी, पर्समध्ये यादी. अशा बाईच्या गाडीत उंदरांनी न विचारता बिऱ्हाड थाटावं, हा मला निव्वळ अपमान वाटला.

पण अपमानापेक्षा मोठी गोष्ट होती रविवारची. माझे वडील गंगापूरला एकटे राहतात. शहरात चला म्हटलं की म्हणतात, तुमच्याकडे अंगण नाही आणि मला फ्लॅट नको. आम्ही फ्लॅटमध्ये राहत नाही, मुकुंदवाडीच्या अलीकडे आमचं चांगलं बैठं घर आहे, पण वडिलांशी वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणून दर रविवारी मी जाते. आधी एसटीनं जायचे, नाहीतर जीपनं. जीप भरली असं आपल्याला वाटतं, तेव्हा ती निम्मी भरलेली असते. पन्नाशीला टेकल्यावर मी गाडी शिकले. शिकवणारा म्हणायचा, "मॅडम, क्लच म्हणजे पायपुसणं नाही." तरी शिकले, लायसन काढलं, आणि माझ्या पगारातून ही पांढरी गाडी घेतली. पहिल्यांदा एकटी गंगापूरला पोहोचले तेव्हा वडील झाडांना पाणी घालत होते. नळी हातात तशीच धरून म्हणाले, "आली का ड्रायव्हर?" पाणी माझ्या चपलांवर पडत होतं आणि मी हलले नाही.

आमचे हे गाडी चालवत नाहीत. जालना रोडवर एकदा मागच्या ट्रकनं जोरात हॉर्न दिला, तेव्हा त्यांनी गाडी तिथंच बंद केली आणि चावी माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून ते स्कूटरवरच असतात. त्यामुळे गाडी सोमवारपासून शनिवारपर्यंत फाटकाच्या आत, रणरणत्या उन्हात उभी. मी कारखान्याच्या बसनं जाते. उभ्या गाडीत उंदीर शिरतात, हे मला तेव्हा कळलं.

वायर जोडून झाली. नंतर महिन्याभरात पुन्हा कुरतडली गेली. तेव्हा ह्यांनी जेवताना शांतपणे जाहीर केलं, "आता परत झालं तर विकून टाकू. बोलवली की रिक्षा येते."

"गंगापूरला रिक्षा येते?"

"एसटी जाते की. इतकी वर्षं जातच होतीस."

आत्याबाई ताटातला भात कालवत म्हणाल्या, "उंदरं पाळायला गाडी घ्यावी लागती व्हय? धान्याची कणगी घ्यायची. स्वस्तात पडंल."

मी म्हटलं, "अक्षय तृतीयेपर्यंत मुदत द्या. तोवर एकही वायर तुटली नाही तर गाडी राहणार आणि पुन्हा हा विषय निघणार नाही."

"आणि तुटली तर?"

"तर विका."

हे मी का म्हणून बसले ते मला अजून कळत नाही. कदाचित स्टोअरमध्ये काम करणाऱ्यांना असं वाटतं की नीट यादी केली की जगातली कुठलीही गोष्ट आवाक्यात येते.

यादी केली. सुरुवात डांबराच्या गोळ्यांनी. जुन्या मोज्यात भरून बोनेटखाली टांगल्या. त्या वासानं मला गंगापूरपर्यंत शिंका आल्या. उंदरांना काही झालं नाही, उलट एक मोजा त्यांनी अंथरुणासाठी नेला. मग तंबाखू. समोरच्या काकूंनी सांगितलं होतं की तंबाखूच्या वासाला उंदीर फिरकत नाही. मी पानटपरीवर जाऊन तंबाखूच्या पुड्या मागितल्या तेव्हा टपरीवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला खुलासा करावा लागला, "गाडीसाठी पाहिजे." त्यानं मान डोलावली. "हौ, सगळे असंच म्हणतात."

त्यानंतर पुदिन्याचं तेल, काळ्या मिरीचा फवारा, खालून बारीक जाळी. जाळी आमच्या मिस्त्रीनं बसवली. मिस्त्री म्हणजे गॅरेजवाला. त्याचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि त्याला गाडीपेक्षा गाडीबद्दल बोलायला जास्त आवडतं.

"ताई, हा उंदीर नाही," तो तुटलेली वायर उन्हात धरून म्हणाला, "हा वायरमन आहे. बघा किती सफाईनं कापली. माझ्याकडे असा कारागीर नाही."

"मग त्याला कामावर ठेव आणि माझ्या गाडीतून ने."

"ने म्हणता? मी त्याला बाहेर काढतो. एक काम करा, दिवसा बोनेट उघडं टाका. उजेड आला की उंदीर नक्को म्हणतो. त्याला अंधार लागतो."

हे मला पटलं. सकाळी निघताना मी बोनेट उघडून, दांडी लावून जायला लागले. संध्याकाळी आले की बोनेट बंद. पहिल्या दिवशी वाटलं, ह्यांनी केलं. ते म्हणाले, मी हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंना विचारलं.

"वाऱ्यानं पडलं आसंल."

"दांडी लावली होती."

"मग दांडी पडली आसंल."

"दांडी पडली तर बोनेट दणकन आपटतं, आत्याबाई. आवाज ऐकला नाही का?"

"मी काय दिवसभर तुझ्या गाडीचा आवाज ऐकत बसू? पोथी वाचायची का नाय मी?" मग थोड्या वेळानं, भाजी निवडताना, आपणहून म्हणाल्या, "आन् दारात असं तोंड वासून गाडी उभी बरी दिसत नाय. लोक म्हणतील मेली."

तो मुद्दा मी यादीतून खोडला. पिंजरा आणला. भजं लावलं, पोळीचा तुकडा लावला, शेंगदाणे लावले. पिंजऱ्यात कुणी फिरकलं नाही. मिस्त्री म्हणाला, "पोट भरलेला उंदीर पिंजऱ्यात येत नसतो ताई. कुणीतरी दावत देतंय त्याला." आम्ही दोघांनी मागच्या रिकाम्या प्लॉटकडे संशयानं बघितलं.

अक्षय तृतीया जवळ आली होती. मी दर संध्याकाळी चावी फिरवायचे, इंजिननं घुर्र केलं की हुश्श करायचे. आणि एका शुक्रवारी चावी फिरवली तर टिक् एवढाच आवाज. पुन्हा फिरवली. टिक्.

ह्यांनी विजयी चेहरा केला नाही, एवढं मी त्यांच्या खात्यावर जमा करते. फक्त म्हणाले, "रविवारी सकाळी एक माणूस बघायला येईल. ओळखीचा आहे, सोयगावचा. मिस्त्रीला सांगून चालू करून ठेव."

शनिवारी मी रजा टाकली. आत्याबाई सकाळपासून अस्वस्थ. "आज घरीच?" असं त्यांनी पाणी भरताना विचारलं, देवपूजा करताना विचारलं आणि चहा घेताना पुन्हा विचारलं. "कारखाना बंद पडला का काय?" शेवटी कंटाळून त्या भजनाला निघून गेल्या.

मिस्त्री आला. वायर जोडली. मग म्हणाला, काचेखाली वायपरजवळची प्लास्टिकची जाळी काढून बघतो, तिथून आत काही जात असेल. त्यानं ती पट्टी उचलली आणि ओणवा राहिला.

"ताई."

"काय?"

"ही कोणती दवा टाकली तुम्ही?"

त्यानं मूठभर काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. तपकिरी, खडबडीत, बोराएवढे गोळे. काही अर्धे खाल्लेले. त्यानं एक हुंगला. "लसूण आहे. तीळ पण. दवा तर चांगली वाटते, पण याच्यावर तर ते मोठे झालेत ताई. अजून खूप आहे आत."

मी एक गोळा हातात घेतला. त्याला वर एक टोक होतं, इवल्याशा नाकासारखं. आमच्या घरात एकच माणूस चिमटीला असा पीळ देऊन नाक काढतं.

त्या खारोड्या होत्या. बाजरी भरडायची, लसूण, तिखट, तीळ घालून शिजवायची, गरम असतानाच चिमटीनं कापडावर टाकायची आणि कडक उन्हात वाळवायची. वर्षभर तळून खा, नाहीतर शेंगदाण्यांबरोबर नुसत्याच. आत्याबाईंच्या खारोड्या चारी लेकींकडे जातात, माझ्या वडिलांकडे जातात, आणि कुणी मागितल्या नाहीत तरी जातात.

मिस्त्रीला म्हटलं, "हो, दवाच आहे. सगळी काढून टाक." त्यानं टोपली भरली. जाताना दोन खिशात टाकल्या, "आमच्या वहिनीला दाखवतो," असं म्हणून. थांबवायला मला उशीर झाला.

आत्याबाई भजनाहून आल्या. मी टोपली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पदरानं पुसला.

"वाळल्या चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, गाडीच्या बोनेटवर?"

"मग काय झालं? पत्रा तापतो. साडी अंथरली की झालं. आकरा वाजता टाकायच्या, तू यायच्या आत काढायच्या. एक-दोन दिवसात खडखडीत. कुरडयासुद्धा झाल्या ह्या वर्षी, तुला कळलं का? नाय कळलं."

"आणि गच्ची?"

"गच्चीवर तुमची ती सोलरची पाटी आन् कबुतरं. आन् जिना." एवढं बोलून त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "जिन्यात गुडघा चमकतो. पोराला सांगितलं तर मागल्या सालासारखं करंल."

मागच्या वर्षी ह्यांनी, आईचे गुडघे बघून, फर्मान काढलं होतं, वाळवण बंद, सगळं बचत गटाकडून विकत आणायचं. विकतच्या खारोड्या आल्या. आत्याबाईंनी एक तोंडात टाकली आणि आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.

"साडीच्या कडेनं घरंगळून जाळीत जातात त्या," मी म्हटलं. "उंदरांना तुम्ही जेवायला वाढत होतात. आणि जेवण झालं की ते वायरी चावायचे, सुपारीसारख्या."

"मला काय माहीत उंदराला बाजरी लागती."

"सगळ्या जगाला माहीत आहे!"

"वरडू नको. पोराला सांगशील?"

हा खरा प्रश्न होता. सांगितलं असतं तर गाडी वाचली असती. कारण सापडलं, कारण दूर झालं, विषय संपला. पण मग फर्मान पुन्हा निघालं असतं आणि या वेळी आत्याबाईंच्या हातातलं पातेलंच काढून घेतलं गेलं असतं. मी टोपलीतली एक खारोडी नाकाला धरून उचलली आणि परत ठेवली.

"नाही सांगत," मी म्हटलं. "पण उद्या गाडी जाणार, हे माहीत आहे ना?"

"जाणार म्हंजे?"

"सोयगावचा माणूस येतोय. घेऊन जाईल."

"घेऊन? म्हंजे दारात राहणार नाय?"

"विकलेली गाडी दारात राहत नाही, आत्याबाई."

इतके महिने त्या मुलाच्या बाजूनं टोमणे मारत होत्या, पण गाडी विकली म्हणजे बोनेटही जातं, हा हिशेब त्यांनी मांडलाच नव्हता. "अजून एक पातेलं शिजवायचं राहिलंय माझं," एवढंच पुटपुटल्या आणि आत गेल्या.

रात्री मी ह्यांना म्हटलं, कारण सापडलंय, आता उंदीर येणार नाहीत. ते म्हणाले, "काय कारण?" मी म्हटलं, "सापडलंय." ते म्हणाले, "दर वेळी सापडतं." यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि देता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या स्टोअरमध्ये माल होता आणि मी नाही म्हणून सांगत होते.

रविवारी वडिलांना फोन केला, उशीर होईल. का, ते सांगितलं नाही. सोयगावचे पाहुणे आले, नवरा आणि बायको. माणूस समजूतदार होता. टायरला लाथ मारून बघितली, दाराची उघडझाप केली, गाडी चालू करून कान लावला. "आवाज चांगला हाय." ह्यांचा चेहरा उजळला. मनातल्या मनात मी एसटीचं वेळापत्रक आठवायला लागले.

मग आत्याबाई चहा घेऊन बाहेर आल्या. चहाबरोबर बशीत तळलेल्या खारोड्या. पाहुण्या बाईंनी एक खाल्ली.

"अगं बाई, काय चव! घरच्या?"

"घरच्याच," आत्याबाई त्यांच्याशेजारी बसत, ह्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या. मग मोठ्यानं, "गाडी घेताय ना? घ्या. लई गुणाची गाडी. फक्त आतली माणसं तेवढी संभाळून घ्या."

"आतली माणसं?" पाहुण्यांचा कप मध्येच थांबला.

"उंदरं हो. संसार हाय त्यांचा आत. काल मिस्त्रीनं साफ केलं, पण लेकुरवाळी ती, परत येणारच. मधी तर बाळंतीण होती. अशी पिलं, लाल लाल." त्यांनी करंगळीचं पेर दाखवलं.

पाहुण्या बाईंनी दोन्ही पाय हळूच खुर्चीवर घेतले.

"आई!" हे म्हणाले.

"काय आई? खोटं बोलून गाडी विकायची व्हय? तुझ्या बापानं बैल विकला, तवा घेणाऱ्याला आधी सांगितलं, मारका हाय म्हणून. लोक अजून नाव काढतात."

"मग बैल विकला गेला का?" पाहुण्यांनी विचारलं.

"नाय. म्हातारा होऊन आमच्याच गोठ्यात मेला."

पाहुणे फार सभ्य होते. त्यांनी चहा संपवला, घरी विचार करून फोन करतो म्हणाले. बाईंनी पदरात चार खारोड्या बांधून घेतल्या. फोन काही आला नाही. तो येणार नाही, हे फाटक लागायच्या आत आम्हा तिघांनाही कळलं होतं.

हे आईकडे वळले. "तूच म्हणायचीस ना, कणगी घ्या म्हणून?"

"दारात गाडी आसली की घराला शोभा येती," आत्याबाई म्हणाल्या आणि कप गोळा करून आत गेल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चावी उचलली. "गंगापूरला जाऊन येते. आणि मुदत अजून संपली नाही, अक्षय तृतीया पुढच्या आठवड्यात आहे."

"वायर तर शुक्रवारीच तुटली."

"ती आधीची कुरतडलेली होती. मिस्त्रीला विचारा." मिस्त्री काहीही विचारलं तरी हौ म्हणतो, हे मला माहीत होतं.

पण नुसत्या शब्दावर गाडी टिकत नाही. आत्याबाईंचं एक पातेलं शिल्लक होतं आणि ऊन वाया घालवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मी त्यांना मागच्या अंगणात जुनी लोखंडी खाट टाकून दिली. त्यांनी नाक मुरडलं. "खाट तापत नाय. पत्रा तो पत्रा." गाडीच्या टपावर टाका म्हटलं, तर तिथं त्यांचा हात पोहोचेना. स्टीलची परात दिली, ती लहान पडली.

शेवटी मी मिस्त्रीकडे गेले. त्याच्या गॅरेजच्या मागे भंगारात एका मोठ्या जुन्या गाडीचं काळं बोनेट पडलेलं होतं. मी म्हटलं, हे दे.

"तुमच्या गाडीला नाही बसणार ताई. तुमची छोटी आहे."

"गाडीला नको. खाटेला पाहिजे."

मग त्याचे डोळे चमकले. "हां! त्या दवासाठी! वहिनी म्हणत होती, ही दवा मिळते कुठं?"

बोनेट खाटेवर बसलं, जणू त्यासाठीच ओतलं होतं. घासून, धुऊन, वर साडी. खाटेच्या पायांखाली मी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्यांसाठी. ह्यांनी दुपारी बघितलं आणि विचारलं, "हे काय?"

"वाळवण," आत्याबाई म्हणाल्या. "जिना चढायचा नाय म्हणला होतास ना? नाय चढले."

एक अर्धी ओली खारोडी तोंडात टाकून ते आत गेले.

तेव्हापासून वायर तुटलेली नाही. अक्षय तृतीया आली, पुरणपोळी झाली, ह्यांनी विषय काढला नाही आणि मी काढू दिला नाही. मागच्या रविवारी मी गाडी बाहेर काढत होते, तेव्हा आत्याबाई वडिलांसाठी खारोड्यांची पिशवी घेऊन फाटकाशी आल्या. पिशवी सीटवर ठेवली, माझ्या बोनेटवरून एकदा हात फिरवला.

"तुझी पांढरी. उशिरा तापायची. त्या काळ्यावर बघ, एका दिवसात झाल्या ह्या."

"हो का?"

"मग! आता तू ही विकली तरी माझी काय हरकत नाय."

मी पहिला गिअर टाकला आणि त्यांनी आणखी काही बोलायच्या आत फाटकाबाहेर पडले.